फ्लेमिंगोंच्या माहेरी: लालबागहून काळ्या डोंगरापर्यंत

कच्छच्या रणात जाऊन येते म्हटल्यावर शेजारच्या तारामावशींनी मटार सोलायचे थांबवले.

"रणात काय असा गो बघूक?" त्या म्हणाल्या. "मीठच मां? ता खाली वाण्याकडे पण गावता."

मी म्हटलं, वाण्याकडचं पिशवीत असतं, मला उघड्यावरचं बघायचंय. त्या पुन्हा शेंग हातात घेऊन म्हणाल्या, "जा बाय. स्वेटर घेऊन जा."

आमच्या चाळीत एवढं झालं की परवानगी मिळाली असं समजायचं.

आता रणच का, ते सांगते. आमचे हे शिवडीला बंदराजवळच्या एका गोदामात कामाला होते. थंडी सुरू झाली की तिथल्या खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात. हे दुपारचा डबा घेऊन जेट्टीवर जायचे आणि पक्षी बघत जेवायचे. पहिला थवा दिसला की घरी येऊन चप्पल काढता काढता सांगायचे, "आले गं पाहुणे." पक्षी कच्छच्या रणातून येतात, तिथेच त्यांची घरटी असतात, पिल्लंही तिथेच होतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ह्यांचं एकच, एकदा त्यांच्या माहेरी जाऊन येऊ. निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत पोटाचं दुखणं निघालं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

पण मी फक्त पक्ष्यांसाठी निघाले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मला माझ्या मुलाला, संतोषला, एक गोष्ट विचारायची होती. लालबागच्या खोलीत चहाचा कप हातात घेऊन ती विचारता येत नव्हती.

ह्यांच्या दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या कठड्यावर बसले होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून घरचे लोक मोठ्याने तसा शब्द देतात. माझे थोरले दीर म्हणाले, "संतोष, बोल. आईला मी सांभाळीन म्हण. त्याचा जीव तिच्यात अडकलाय." संतोष हात जोडून उभा होता. तो बोलला नाही. दिरांनी पुन्हा सांगितलं, नणंदेने सांगितलं. तो पिंडाकडे बघत राहिला. ऊन चढायला लागलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

कुणी माझ्या तोंडावर काही बोललं नाही. पण एवढे चार शब्द बोलायला काय जात होतं, हे मी जिन्यात दोनदा ऐकलं.

संतोष वाईट मुलगा नाही. अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहतो, नोकरीही सरकारीच. दर रविवारी येतो. येताना बांगडे नाहीतर मांदेली आणतो, माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवतो, पंख्याचा आवाज येत असेल तर स्टुलावर चढून बघतो. पण ते चार शब्द तो नंतरही कधी बोलला नाही. माझ्याकडे राहायला ये, असंही म्हणाला नाही. का, एवढंच मला विचारायचं होतं. लांबचा रस्ता आणि आसपास कुणी ओळखीचं नाही, एवढं मिळालं तर तोंड उघडता येईल असं वाटलं.

तर तयारीबद्दल. ही सहल मी ठरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढचं सगळं परळच्या वाचनालयाने आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांनी केलं. त्यामुळे एखाद्या ठिकाणी जायचं तर आधी त्याबद्दल वाचायचं, ही मला सवय आहे. नात जुई पाचवीत आहे. तिचा शाळेचा नकाशा घेऊन मी दोन महिने रणात फिरत होते. भुजवरून बोट वर सरकवायचं, भिरंडियारा, खावडा, मग काळा डोंगर. त्यापुढे नकाशात नुसता ठिपक्याठिपक्यांचा भाग. दुपारी गिरण्यांच्या जागी झालेल्या टॉवरचं बांधकाम धडधडत असायचं आणि मी त्या ठिपक्यांवर बोट ठेवून बसलेली असायचे.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच दिवस रणात पाणी असतं. मीठ पांढरं आणि चालण्याजोगं व्हायला डिसेंबर उजाडतो. पौर्णिमेला गर्दी असते आणि राहण्याचे दरही चढतात, म्हणून आम्ही पौर्णिमा टाळली. पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, त्यासाठी ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ असू द्या. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच खालचा बर्थ मागा. सूनबाईंना शाळेच्या पेपर तपासणीमुळे रजा मिळेना, म्हणून मी, संतोष आणि जुई असे तिघंच निघालो.

गुरुवारी दुपारी दादरहून भुजची गाडी धरली. बरोबर पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि सुकटाची चटणी. चटणीची बरणी उघडली तेव्हा समोरचं गुजराती जोडपं नम्रपणे खिडकीकडे बघू लागलं. "आजी, बंद कर ना," जुई म्हणाली. मी बंद केली. वसईची खाडी गेली, मिठागरं गेली, वापी गेलं, दिवस मावळला. जुई वरच्या बर्थवर झोपली. संतोष माझ्या पायांशी बसून खिडकीतून बाहेर बघत होता.

"संतोष," मी म्हटलं.

"काय गं?"

"काही नाही. खिडकी लाव, वारा लागतोय."

सकाळी भुज. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते. मुंबईत असलं काही दिसत नाही, त्यामुळे जुई स्टेशनभर उगीचच बोलत सुटली. गाडी आधीच ठरवली होती. चालक इस्माईलभाई, पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणं हिंदी आणि कच्छी मिळून. मला ते पहिल्यापासून बा, म्हणजे आई, म्हणाले. दिवसाचं गाडीभाडं तीन हजारांच्या आसपास, पेट्रोल धरून. तिघांनी बसने करायचं म्हटलं तर स्वस्त पडेल, पण खावड्यापुढे बसचं काही खरं नाही.

भुज सोडलं की थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला पाटी लागते, इथून कर्कवृत्त जातं. जुईने गाडी थांबवायला लावली. एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे ठेवून उभी राहिली. "आजी, मी आत्ता दोन्हीकडे आहे." कर्कवृत्त हे नाव मी पस्तिशीत असताना एका फाटक्या भूगोलाच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं होतं. तिथे डांबराशिवाय दुसरं काहीही नव्हतं, तरी मीपण पाय टाकून उभी राहिले. संतोषने आम्हा दोघींचा फोटो काढला.

भिरंडियाराला परवान्याची रांग. बायकांनी पुढचा विचार करून इथेच जाऊन घ्यावं, पुढे सोय बेताची आहे. तिथला मावा प्रसिद्ध आहे. मोठ्या कढईत दूध आटवत बसलेले असतात आणि कागदावर गरम गरम मावा देतात. गोड फार नाही, दुधाला धुराचा वास. जुईने एकटीने दोन कागद संपवले.

गाडीत बसल्यावर तिने इस्माईलभाईंना विचारलं, "अंकल, फ्लेमिंगो किधर दिखेंगे?"

"फ्लेमिंगो? वो तो बेटा इधर नहीं मिलेंगे अभी."

"क्यूं? उनका घर है ना इधर?"

"घर है. बारिश के बाद बहुत अंदर, पानी में अंडे देते हैं. वहां गाड़ी क्या, ऊंट भी मुश्किल से जाता है. पानी सूखा कि बच्चे लेके निकल जाते हैं. थोड़े इधर-उधर तालाब में होंगे, बाकी तो..." त्यांनी आरशातून आमच्याकडे बघितलं. "आप बंबई से हो ना? वहीं होंगे सब."

दोन महिने मी वाचलं होतं, नकाशा बघितला होता, परवान्यासाठी झेरॉक्स काढली होती. पक्षी थंडीत शिवडीला येतात, हे तर माझ्या घरात वर्षानुवर्षं बोललं जात होतं. मग थंडीत ते इथे कसे असतील, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. ह्यांच्याही आला नव्हता. आम्ही दोघं कायम डिसेंबरमध्येच जायचं ठरवत होतो.

"आई," संतोष पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाला, "लालबागहून शिवडीला शेअर टॅक्सीने दहा मिनिटं लागतात."

मला हसू आलं. त्यालाही आलं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो आणि इस्माईलभाई, आपलं काही चुकलं का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. वाटेत कुठेतरी, गुजरातच्या आकाशात, आमची आणि त्या पक्ष्यांची चुकामूक झालेली असणार. आम्ही त्यांच्या घरी निघालो होतो आणि ते आमच्या.

राहायला भुंगा घेतला होता. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, वर गवताचं शंकूसारखं छप्पर, भिंतीच्या लिंपणात छोटे आरसे बसवलेले. गोल घराला कोपरा नसतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी आयुष्यभर सामान कोपऱ्यात सरकवत आले. तिथे पिशवी ठेवायला कोपरा शोधत मी एक पूर्ण फेरी मारली. जेवायला बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गूळ आणि ताक. रोटला हातात घेतल्यावर जड लागतो, पोटात गेल्यावर लागत नाही.

संध्याकाळी पांढरं रण बघायला गेलो. थोडं अंतर पायी जावं लागतं. रस्ता संपला की मीठ सुरू होतं. आधी ओल्या मातीसारखं, मग खडबडीत, मग एकदम पांढरं. पायाखाली ते कुरकुरतं. आजूबाजूला उंटगाड्या, फोटो काढणारी माणसं, चहावाले होते, पण दोनशे पावलं पुढे गेलं की त्यांचे आवाज मागे राहतात. तिथे मी थांबले.

मुंबईत नजर कुठेतरी जाऊन आपटते. समोरची चाळ, पूल, टॉवर, निदान दोरीवरचे कपडे. इथे नजरेला धरायला काही नव्हतं. ती जात राहिली. खाली पांढरं, वर पांढुरकं, मध्ये एक फिकट गुलाबी रेघ, तीही थोड्या वेळाने विरली. मी उभी आहे की चालते आहे, हे क्षणभर कळेना. वाचताना कधीकधी पान संपतं आणि आपण रिकाम्या समासाकडे बघत बसतो, तसं काहीसं. त्या समासात मी आणि हे बराच वेळ बोलत होतो. म्हणजे मीच बोलत होते. जुईची उंची वाढली, तारामावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, चाळीच्या पुनर्बांधणीची पुन्हा मीटिंग झाली आणि पुन्हा काही ठरलं नाही. हे जिवंत असते तर मला मध्येच थांबवून म्हणाले असते, अगं, पण पक्षी कुठायत?

संतोष माझ्यापासून पंधरावीस पावलांवर, पाठमोरा उभा होता. खिशात हात, खांदे थोडे पडलेले, अगदी ह्यांच्यासारखे. आत्ता विचारावं असं वाटलं. पण एवढ्या मोठ्या जागेत एवढासा प्रश्न घेऊन त्याच्यापर्यंत चालत जाणं मला जमलं नाही. सूर्य मिठात उतरला. जुई धावत आली आणि म्हणाली, "आजी, मी चाटून बघितलं. खरंच मीठ आहे."

दुसऱ्या दिवशी काळा डोंगर. कच्छमधली ही सगळ्यात उंच जागा. उंच म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकडीच, पण भोवती सगळं सपाट असल्यामुळे लांबून फार मोठा वाटतो. खावड्याला जेवून घ्या आणि गाडीत पेट्रोल भरून घ्या. डोंगराच्या वाटेवर एका ठिकाणी गाडी बंद करून सोडली तर चढावर आपोआप चढते असं म्हणतात. इस्माईलभाईंनी करून दाखवलं. मला गाडी उतारावरच आहे असं वाटलं, पण जुईचा चेहरा बघून मी गप्प बसले.

वर दत्ताचं देऊळ आहे. इतक्या लांब, सरहद्दीजवळ, आपला दत्त भेटेल असं मनात नव्हतं. वाचलं होतं, पण वाचलेलं आणि समोर दिसलेलं वेगळं. तिथे एक जुनी रीत आहे. पुजारी गोड भात शिजवतात आणि आरतीनंतर देवळाखालच्या ओट्यावर नेऊन ठेवतात. रानातले कोल्हे येऊन तो खातात. दत्तगुरू ह्या डोंगरावर असताना भुकेला कोल्हा आला आणि द्यायला काही नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःचं अंग पुढे केलं, अशी कथा सांगतात. तेव्हापासून भात.

आम्ही दुपारीच पोचलो. वरून खाली पांढरं रण पसरलेलं दिसतं, त्यात पाण्याच्या निळ्या रेघा. वाऱ्याने कान बधिर होतात, रुमाल बांधा. देवळाच्या अन्नछत्रात खिचडी-कढी मिळते, पैसे घेत नाहीत, आपण पेटीत टाकायचे. संध्याकाळची आरती झाली. पुजाऱ्यांनी भाताचं मोठं पातेलं खाली नेऊन ओट्यावर ओतलं, थाळी वाजवली, एक लांब हाक दिली. सगळे कठड्यामागे गप्प उभे राहिले.

कोल्हे आले नाहीत.

पुन्हा थाळी, पुन्हा हाक. भातातून वाफ निघत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीतरी म्हणालं, "आज नहीं आएंगे, चलो." दोनतीन कुटुंबं पायऱ्या चढू लागली. जुईने पुजाऱ्यांना विचारलं, "नहीं आए तो?"

"नहीं आए तो रखा रहेगा," ते म्हणाले. "उनको टाइम मिलेगा तब आएंगे."

मी संतोषकडे बघितलं. तो तिथे नव्हता. पाठीमागे, देवळाच्या भिंतीला टेकून उभा होता. मी जुईला कठड्याजवळ, इस्माईलभाईंच्या शेजारी उभं केलं आणि त्याच्याकडे गेले.

"काय झालं?"

"मला नाही बघवत हे," तो म्हणाला. "असं वाढून ठेवून वाट बघणं."

मी म्हटलं, "त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

कुठला दिवस, असं त्याने विचारलं नाही.

"बाबांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "हॉस्पिटलात. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. मला म्हणाले, मी गेल्यावर सगळे जमतील आणि तुला बोलायला लावतील, आईला सांभाळीन म्हण. तू म्हणू नकोस."

"असं म्हणाले?"

"म्हणाले, तिला आजपर्यंत कुणी सांभाळलेलं नाही, तिनंच आपल्याला सांभाळलंय. चार माणसांत उभं राहून तिला सामानासारखी ताब्यात घेऊ नकोस. तिला काय हवंय ते तिला विचार. दुसऱ्यांना कशाला सांगतोस."

वाऱ्यामुळे त्याचं बोलणं तुटत होतं. मी जवळ सरकले.

"मग विचारलं का नाहीस? तीन वर्षं झाली."

"भीती वाटली."

"माझी?"

"तू येते म्हणालीस तर आमच्या त्या दीड खोलीत तुला कुठे ठेवू, ह्याची. आणि नाही म्हणालीस तर लोक बोलतात तेच खरं झालं, ह्याची." तो खाली बघत होता. "दर रविवारी जिना चढताना ठरवायचो, आज विचारायचं."

"आणि मासे ठेवून जायचास."

"हो."

"काकांना तरी सांगायचंस. ते तुझ्याशी बोलत नाहीत."

"काय सांगू? बापाच्या नावावर खपवतोय म्हणाले असते."

मला वाटलं होतं, कारण कळलं की मला बरं वाटेल. आधी राग आला, आणि तोही ह्यांचा. माणूस जाता जाता एवढा विचार करतो, मुलाला बजावून ठेवतो, आणि जिच्यासाठी हे सगळं तिला अवाक्षर सांगत नाही. मी खाली जाऊन औषधं घेऊन वर आले होते. तेव्हा हे म्हणाले होते, सुटे पैसे मिळाले का. तीन वर्षं मुलगा बोल खात राहिला, मी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिले, आणि ह्यांना मात्र आपण सगळं नीट लावून दिलं असं वाटलं असणार. मी तिथे उभ्या उभ्या मनात ह्यांच्याशी चांगलंच भांडले. नवऱ्याशी भांडून तीन वर्षं झाली होती. भांडून झाल्यावर मात्र हात हलके वाटले.

"आजी," जुईने हळू आवाजात हाक मारली. "आले."

ते आले ह्याचा आमच्या बोलण्याशी काही संबंध नाही. बहुतेक दिवशी येतातच म्हणे, उशिरा का होईना. आधी एक आला, झुडपाआडून, मान खाली घालून, मग आणखी दोन. अंगाने आपल्या चाळीतल्या कुत्र्यांहून बारीक, शेपटी झुबकेदार. घाईघाईने खाल्लं, एकमेकांवर गुरगुरले, आमच्याकडे एकदाही बघितलं नाही आणि आले तसे उतारावरून खाली गेले. ओट्यावर थोडी शितं राहिली. खाली रण जांभळं झालं होतं. सगळ्यांनी फोटो काढले. संतोषने नाही काढले.

गाडीकडे उतरताना त्याने माझा हात धरला. पायऱ्या उंच आहेत, जपून उतरा. मध्येच थांबून तो म्हणाला, "तर आता विचारतो. तुला काय हवंय?"

मी म्हटलं, "तू तीन वर्षं घेतलीस. मला थोडे दिवस दे."

"घे," तो म्हणाला.

त्या रात्री मी भुंग्यात गाढ झोपले. सकाळी जुई म्हणाली, आजी, तू घोरत होतीस.

रविवारी भुजला परतलो. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून गावात फिरलो. दाबेली खायची तर इथलीच खा, दादरला मिळते ती तिची लांबची नातेवाईक वाटते. तारामावशींसाठी आरसेकामाची पिशवी घेतली. इस्माईलभाईंनी स्टेशनवर सामान उतरवून दिलं आणि जुईला म्हणाले, "बेटा, फ्लेमिंगो को मेरा सलाम बोलना." गाडीत संतोष आणि मी बरंच बोललो. त्याच्या ऑफिसातलं, सुनेच्या बदलीचं, जुईच्या गणिताचं. चार दिवसांपूर्वीही हे सगळं बोलता आलं असतं, पण बोललो नव्हतो.

आता घरी येऊन पंधरवडा झाला. रण कसं होतं, असं लोक विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. फोटो दाखवले तर त्यात पांढऱ्यावर तीन माणसं उभी दिसतात, बस. दुपारी पुस्तक मिटून डोळे बंद केले की अजून ते येतं. आवाज नाही, कड नाही, नजर जात राहते. बाहेर टॉवरच्या पायाचं, पाइलिंगचं मशीन चालू असतं तरी येतं. एवढ्या लांब जावं का, गुडघे दुखत असताना, पक्षी दिसणार नसताना? मी म्हणेन, जा. ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्याला घेऊन जा. आणि परवान्यासाठीची झेरॉक्स विसरू नका.

गेल्या रविवारी संतोष आला, मांदेली घेऊन. मी मासे साफ करायला घेतले, तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला. मी म्हटलं, माझं उत्तर तयार आहे.

त्याने माशांची रिकामी पिशवी घडी घालून बाजूला ठेवली.

"मला इथेच राहायचंय," मी म्हटलं. "ह्या खोलीत. वाचनालय जवळ आहे, तारामावशी आहेत, मला माझ्या वेळेला दिवा लावून वाचता येतं. तुझ्याकडे मी चार दिवस येईन, जुईची परीक्षा झाली की येईन. कायमची नाही."

"नक्की?"

"नक्की. पण पुढचं ऐक. एक दिवस मला हा जिना चढता येणार नाही. किंवा गॅस चालू ठेवून विसरेन, तुला ओळखणार नाही. त्या दिवशी मला काय हवंय ते विचारत बसू नकोस. तुझ्या बाबांचं त्या दिवशी ऐकू नकोस. सरळ घेऊन जा. दीड खोलीत कुठेही ठेव."

त्याने माझ्या हातातली सुरी घेतली आणि उरलेले मासे स्वतः साफ करायला लागला. त्याला ते नीट येत नाही, डोकी जास्तच कापतो. मग म्हणाला, "तू त्या दिवशी भांडशील. नाही येणार म्हणशील."

"म्हणेन," मी म्हटलं. "तरी ने."